भिंतीच्या आतलं आत्ता, बाहेरचं नंतर

घर बांधायला काढलं तेव्हा मी शंभर पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं ‘आत्ता’, दुसऱ्यावर ‘नंतर’. रकाने आखल्याशिवाय आम्हा शिक्षकांना काही सुचत नाही. त्यात माझा हात उर्दू शिकवणारा, त्यामुळे ‘आत्ता’ उजवीकडे गेलं आणि ‘नंतर’ डावीकडे. हे वही हातात घ्यायचे ते मराठीच्या सवयीने डावीकडून. दोनतीनदा त्यांनी ‘नंतर’ची यादी ‘आत्ता’ समजून वाचली आणि घाबरून विचारलं, “सोलर आणि वरचा मजला आत्ताच करायचा?”

निफाडला आमचा एक गुंठ्याचा प्लॉट होता. त्यावर साडेसहाशे चौरस फुटांचं घर, वर गच्ची आणि पुढेमागे वर दोन खोल्या, एवढंच स्वप्न. जवळ होते साडेबारा लाख. त्यात माझ्या पगारातून साठवलेले होते, माझ्या लग्नातले दोन दागिने मोडून आलेले होते आणि भावाने दिलेले दोन लाख होते. भावाचे पैसे कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने. बँकेचं गृहकर्ज काढायचं नाही हे आमच्या घरात आधीच ठरलं होतं. व्याज द्यायचंही नाही आणि घ्यायचंही नाही, हा आमच्या दीनचा भाग. माझ्या ओळखीतल्या कित्येक मुस्लिम शिक्षकांनी गृहकर्ज काढलंय आणि त्यांच्या अडचणी मला माहीत आहेत, म्हणून त्यांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. पण कर्ज न काढण्याचा एक परिणाम असा होतो, की घर एकदम बांधताच येत नाही. हप्त्यावर पैसे मिळाले की सगळं ‘आत्ता’ होतं आणि पुढची वीस वर्षं ते फेडायचं असतं. आमच्यासारख्यांना मात्र प्रत्येक वस्तूला विचारावं लागतं, तू आत्ताची की नंतरची?

दसऱ्याच्या सुमारास, 2023 च्या ऑक्टोबरात, खोदाई सुरू झाली. मिस्त्री इथलाच. बोलायला कमी, विडी ओढायला जास्त. पहिल्या दिवशी मी वही घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले, तर त्याने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, “मॅडम, लिहायचं एवढंच लिहा. भिंतीच्या आत आणि जमिनीच्या खाली जातं ते आत्ता. भिंतीवर लटकतं ते नंतर. एकदा झाकलं की संपलं.”

मी ते वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं. पुढे काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी हे सांगते की मिस्त्रीचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. चूक झाली ती आमची.

निफाड म्हणजे गोदावरी-कादवेच्या काठची काळी जमीन. द्राक्षाला, उसाला, गव्हाला ती सोन्यासारखी. घराला मात्र ती सावत्र आईच. पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर घरसुद्धा तिच्याबरोबर खालीवर होतं. भिंतीत तिरक्या चिरा पडतात, दारं चौकटीत अडकायला लागतात. म्हणून काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत जायचं, कॉलमची फुटिंग तिथे बसवायची आणि जोत्याच्या पातळीवर सगळे कॉलम प्लिंथ बीमने एकमेकांना बांधून टाकायचे. आमच्याकडे मुरूम साडेसहा फुटांवर लागला. आम्ही चार फूट धरले होते. वरच्या अडीच फुटांचा खर्च कुठल्याच रकान्यात नव्हता.

त्यात वर दोन खोल्या ‘नंतर’ करायच्या, तर पाया दोन मजल्यांचा ‘आत्ताच’ हवा. सळई जास्त, फुटिंग मोठी. खर्च करून झाल्यावर पाहुणे आले, त्यांनी जोत्यापर्यंत आलेलं काम पाहिलं आणि म्हणाले, “अजून काहीच झालं नाही वाटतं?” पावणेतीन लाख जमिनीत पुरून आम्ही त्यांना चहा दिला.

स्लॅबच्या वेळी हाच धडा परत. विजेचे पाइप आणि पंख्याचे डबे काँक्रीट ओतायच्या आधी सळयांमध्ये बांधून ठेवावे लागतात. नंतर पंखा हवा झाला तर ड्रिल मारून हूक बसवता येतो, पण वायर उघडी छतावरून फिरवावी लागते. वायरमनने विचारलं, “इन्व्हर्टर घेणार? सोलर घेणार? मुलाच्या खोलीत एसी?” मी सगळ्याला ‘नंतर’ म्हटलं. तो म्हणाला, “वस्तू नंतर घ्या, पाइप आत्ता टाका.” म्हणून गच्चीपासून मीटरच्या जागेपर्यंत एक रिकामा पाइप खाली आला. एक इन्व्हर्टरच्या कोपऱ्यापर्यंत गेला. आत एक जाड दोरा सोडून ठेवला, उद्या त्याला वायर बांधून ओढता यावी म्हणून. रिकाम्या पाइपांचा खर्च हजारांतच होता. घरात मला सर्वांत शहाणपणाचं वाटलेलं काम कुठलं, तर हे.

कारण काही वस्तू थांबल्याने स्वस्त होतात. आम्ही सोलर ‘नंतर’ला ढकललं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. घराच्या छतावर तीन किलोवॉटचा संच बसवला तर 78 हजार रुपये अनुदान. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली गच्ची लागते, म्हणजे आमची गच्ची तीन किलोवॉटला पुरून उरते. आता वायर ओढायला भिंत फोडावी लागणार नाही. पावसाच्या पाण्याचंही तसंच केलं. टाकी ‘नंतर’, पण गच्चीचा उतार आणि पन्हाळीचा पाइप एकाच कोपऱ्याकडे ‘आत्ता’. आमची गच्ची साठ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात सहा हजार लिटर. सातवीच्या पोरांना हे गणित फळ्यावर करून दाखवलं, तर एकाने विचारलं, “मॅडम, मग टाकी का नाही बांधली?” मी म्हटलं, बांधू, इन्शाअल्लाह.

माझा भाचा नाशिकला सिव्हिलचा डिप्लोमा करतो. तो सुट्टीत आला की साइटवर यायचा आणि मला शिकवायचा. त्याच्याकडून कळलं, की आम्ही गरजेपोटी करतोय त्यावर मोठमोठ्या वास्तुविशारदांनी विचार केलेला आहे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला वाढत जाणारी घरं बांधली. सात-सात घरांचे पुंजके, मध्ये सामाईक अंगण, आणि कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही. का? तर शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं म्हणून. त्याच दशकात बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला ‘अरण्य’ नावाची वसाहत आखली, सुमारे साडेसहा हजार प्लॉटची. दोशी जन्माने पुण्याचे. तिथे गरीब कुटुंबाला जोतं, पाणी, संडास-न्हाणीचा गाभा मिळत होता आणि खोल्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायच्या. पुढे 2004 मध्ये चिलीतल्या इकीके शहरात अलेहांद्रो अरावेना यांनी सरकारी पैशात पूर्ण घर होत नाही म्हणून अर्धंच घर बांधून दिलं. पण कुठलं अर्धं? जे कुटुंबाला स्वतःला बांधायला अवघड, तेच. सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणी. उरलेलं अर्धं लोकांनी स्वतः भरलं.

भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवले. एका रांगेत एकसारखी अर्धी घरं, आणि काही वर्षांनी प्रत्येकाचं दुसरं अर्धं वेगळ्या रंगाचं, वेगळ्या खिडक्यांचं. मला बरं वाटलं. आपण अपुरं घर बांधतोय याची जी एक लाज मनात होती ती कमी झाली. पण तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली. या तिन्ही माणसांनी संडास-न्हाणी ‘नंतर’च्या रकान्यात टाकली नव्हती.

डिसेंबरात आमचं गणित बिघडलं. हे लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. व्यापाऱ्याचा माल बांगलादेशाला आणि दुबईला जायचा. 8 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी 4 मे 2024 पर्यंत राहिली. लासलगावात त्या काळात काय चाललं होतं ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. शेतकऱ्याचं जे झालं त्यापुढे आमचं काहीच नाही, पण यांचा पगार दोन महिने अर्धा आला आणि वर्षाच्या शेवटी मिळणारी जी रक्कम आम्ही हिशेबात धरली होती ती आलीच नाही. स्लॅब नुकताच पडला होता. सकाळी शाळेत जाण्याआधी मी गच्चीवरच्या आळ्यांमध्ये पाणी भरायचे आणि भरता भरता मनात रकमा वजा करायचे.

जानेवारीत प्लंबर आला. वही उघडून आम्ही तिघं बसलो, मी, हे आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. वय तेव्हा एकाहत्तर. गुडघे गेलेले. घरात सर्वांत पहाटे उठणारं माणूस त्याच.

मागच्या दाराजवळ वुजूसाठी जागा करायची होती. बसायला छोटा ओटा आणि समोर खाली एक नळ, म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुताना वाकायला नको. प्लंबर म्हणाला, “इथे गरम पाण्याची लाइन पण घेऊन ठेवू का? गीझर बाथरूममध्ये आहे, चौदा फूट पाइप लागेल. नळासकट अठ्ठावीसशे रुपये.” मग तो संडासाकडे वळला. “इथे कमोड बसवायचा का साधं भांडं? कमोड असेल तर ड्रेनेजचा पाइप भिंतीपासून वेगळ्या अंतरावर घ्यावा लागतो. आत्ता सांगा.”

आम्ही अम्मांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मेरा क्या है? मेरा बाद में. पहले बच्चों का कमरा देखो.”

आणि आम्ही ऐकलं. इतक्या पटकन ऐकलं, की आज आठवलं की मान खाली जाते. मी स्वतःच्या हाताने वहीच्या डाव्या रकान्यात लिहिलं: ‘कमोड, बाजूला पकडायला दांडी, वुजूच्या नळाला गरम पाणी.’ कमोडचा पाइप, गरम पाण्याची लाइन, दोन्ही भिंतीच्या आतल्या, जमिनीच्या खालच्या गोष्टी. वहीच्या कव्हरवर मिस्त्रीचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी विचारलंसुद्धा, “मॅडम, म्हातारं माणूस आहे घरात, गरम लाइन नाही घेतली?” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी करू.” त्याने विडी पेटवली.

पैसे नव्हते म्हणून असं केलं, हे मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. पण वही खोटं बोलत नाही. चार पानं पुढे माझ्याच अक्षरात आहे: ‘मुख्य दार, सागवान, नक्षी, 38,000.’ साधं फ्लश दार चौकटीसकट चौदा हजारांत होत होतं. दार भिंतीवर लटकतं. मिस्त्रीच्या नियमाने ते उघडउघड ‘नंतर’चं. पण दार दिसतं. घरभरणीला मोहल्ला येणार, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी येणार, माहेरचे येणार. ते सगळे दारातूनच आत येणार. संडासातला पाइप कोण बघणार?

शाळेत उर्दू माध्यमाच्या पाचवीला मी मराठी शिकवते. दर वर्षी एक चूक हमखास येते. पोरं लिहितात, ‘मी काल मामूकडे जाणार आहे.’ किंवा ‘उद्या आम्ही पतंग उडवला.’ दोष त्यांचा नाही. उर्दूत मागचा दिवसही ‘कल’ आणि पुढचा दिवसही ‘कल’. कुठला ते क्रियापदावरून कळतं. मराठीत त्याचे दोन शब्द होतात, काल आणि उद्या, आणि पोरांच्या डोक्यात ते बसायला निम्मं वर्ष जातं. मी फळ्यावर बाण काढते, मागे जाणारा आणि पुढे जाणारा. हे सगळं शिकवणारी मी, घराच्या वहीत मात्र पाचवीतल्या पोरासारखी गोंधळले. ‘कल कर लेंगे’ म्हणाले आणि तो कल पुढचा आहे असंच धरून चालले.

आम्ही जून 2024 मध्ये, बकरी ईदच्या आधी, नव्या घरात आलो. दाराचं खूप कौतुक झालं. गच्चीवर कॉलमच्या सळया दोनदोन फूट वर सोडलेल्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी. त्या गंजू नयेत म्हणून मिस्त्रीने सिमेंटची राळ फासून दिली. बाहेरून रंग नव्हता, आत फर्निचर नव्हतं, कपडे दोरीवर. तरी मला ते घर पूर्ण वाटत होतं.

निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. टीव्हीवर राज्यातलं सर्वांत कमी तापमान सांगतात तेव्हा बरेचदा आमच्या गावाचं नाव येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ते मोजतात. पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. अशा रात्री द्राक्षाच्या बागांमध्ये शेतकरी शेकोट्या पेटवून धूर करतात, घड वाचावेत म्हणून. अशा पहाटे नळाचं पाणी हाताला लागलं की बोटं बधिर होतात. आणि फजरच्या नमाजचा वुजू सूर्य उगवायच्या आधीच करायचा असतो.

अम्मांनी कधी तक्रार केली नाही. त्या चारला उठायच्या, गॅसवर पातेल्यात पाणी गरम करायच्या, लोट्यात ओतायच्या आणि स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत घेऊन जायच्या. वाटेत एक पायरी. मागची जागा धुवायची असते म्हणून चार इंच खाली ठेवलेली. मला हे माहीत होतं. कधी जाग आली तर भांड्याचा आवाज ऐकू यायचा. ‘उद्या सांगते, मी गरम करून देत जाईन’ असं म्हणत मी कूस बदलायचे.

डिसेंबरातल्या एका पहाटे भांड्याचा आवाज वेगळा आला. धावत गेले तर अम्मा पायरीपाशी बसलेल्या. लोटा दूर, गरम पाणी सगळीकडे. भाजलं नव्हतं, अल्लाहचे आभार. पण पडताना त्यांनी हात टेकला होता आणि उजवं मनगट मोडलं होतं. मला पाहिल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “तेरी नींद खराब हो गई.”

प्लास्टर सहा आठवड्यांचं. हात गेल्यावर कळलं की अम्मा इतकी वर्षं खाली बसून उठत होत्या त्या गुडघ्यांच्या जोरावर नव्हे, हाताच्या. भिंतीला, बादलीला, नळाला हात लावून उठायच्या. आता तो हात गळ्यात. साध्या भांड्याच्या संडासात त्यांना बसवता येईना आणि उठवता येईना. आम्ही बाजारातून मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. नव्या घरात, सागवानी दाराच्या आत, एका एकाहत्तर वर्षांच्या, आयुष्यभर पडदा सांभाळलेल्या बाईला सून आणि नात धरून त्या खुर्चीवर बसवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायचं कमी केलं, म्हणजे सारखं जावं लागणार नाही. हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

त्या रात्री आम्ही वही काढली नाही. दुसऱ्या दिवशी यांनी मिस्त्रीला फोन केला.

एका वर्षाची फरशी फोडायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. संडासाची फरशी, खालची भर, वॉटरप्रूफिंगचा थर, सगळं उखडलं. नव्या अंतरावर पाइप घेतला, परत थर दिला, परत पाणी भरून दोन दिवस ठेवून कुठे पाझरतंय का पाहिलं, मग फरशी. त्या रंगाची फरशी दुकानात संपलेली होती. आता संडासात निम्मी पांढरी आणि निम्मी फिकट पिवळी आहे. गरम पाण्याच्या लाइनसाठी चौदा फूट भिंत चिरली. इथे मात्र भाच्याचा एक सल्ला कामाला आला. प्लास्टर करण्याआधी त्याने माझ्याकडून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून घेतले होते, शेजारी टेप उघडी धरून. विजेचा पाइप जमिनीपासून किती फुटांवर आणि पाण्याचा किती, हे फोटोत दिसत होतं. त्यामुळे चिरताना एकही वायर तुटली नाही. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हे फुकटचं काम सांगते.

एकूण खर्च 41 हजार. ‘आत्ता’ केलं असतं तर कमोड, दांड्या, गरम लाइन मिळून साडेबारा-तेरा हजारांत झालं असतं. फरक दाराच्या फरकापेक्षाही जास्त निघाला. हे गणित मी कोणाला सांगितलं नाही, पण कितीही वेळा केलं तरी उत्तर तेच येतं.

काम चालू असताना मिस्त्री एकदा शेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं, म्हणेल, मी सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, “माझ्या आईचंही असंच राहिलं होतं, मॅडम.” आणि घमेलं उचलून गेला. त्याच्या आईचं काय राहिलं होतं ते मी विचारलं नाही.

आता मला वाटतं, मिस्त्रीचा नियम बरोबर असूनही निम्माच आहे. आत काय आणि बाहेर काय, नंतर कशाला जास्त पैसे पडतील, थांबल्याने काय स्वस्त होईल, हे सगळे वस्तूंचे प्रश्न. ते विचारायलाच हवेत. पण त्याआधी घरातल्या माणसांची नावं लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे वय लिहावं. मुलाची खोली दोन वर्षं थांबली असती. त्याने हॉलमध्ये अभ्यास केला असता आणि मोठेपणी त्याची गोष्ट करून सांगितली असती. सोलर थांबलं, उलट बरं झालं. रंग थांबला आहे, कोणाचं काही अडलेलं नाही. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना मात्र ‘नंतर’ म्हणायला आपल्या हातात काही नसतं.

आणि दुसरं, ‘मेरा बाद में’ असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नये. आपल्या घरांतल्या बायका हे वाक्य इतक्यांदा बोलतात की त्याला अर्थच उरत नाही. ताटातला शेवटचा तुकडा, ईदचे कपडे, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळ्याला एकच उत्तर. त्यांना विचारणं ही आपली पळवाट असते. उत्तर आधीच माहीत असतं, आणि ते आपल्या सोयीचं असतं. मी अम्मांना विचारलं तेव्हा मला परवानगी हवी होती. ती मिळाली.

इन्शाअल्लाह या शब्दाचंही मला तेव्हापासून जरा भय वाटतं. अल्लाहने चाहलं तर, असा त्याचा अर्थ. करायचं ठरवलेल्या कामाला जोडायचा तो शब्द. मी तो न करायच्या कामांना जोडत होते. यादीत ‘नंतर’ लिहिण्याऐवजी तोंडाने इन्शाअल्लाह म्हणायचं आणि जबाबदारी वर ढकलायची. वर्गातल्या त्या मुलाला पाण्याच्या टाकीबद्दल मी तेच केलं. टाकी आता खरंच बांधायची आहे, तारीख ठरवून. तो मुलगा नववीत जाण्याआधी.

अम्मांचं मनगट जुळलं. मूठ पूर्ण वळत नाही, पण तस्बीह फिरते. आता त्या पहाटे उठतात, ओट्यावर बसतात आणि नळ डावीकडे फिरवतात. पाणी गरम यायला मिनिटभर लागतं, तोवर आलेलं गार पाणी त्या बादलीत धरतात आणि कढीपत्त्याला घालतात. वाया जाऊ देत नाहीत. मी बरेचदा त्याच वेळी उठते. आमच्यात फार बोलणं होत नाही.

एकदा मात्र त्यांनी विचारलं, “इसको कितना खर्चा आया?”

मी निम्मा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “बहुत है. बाद में करते तो चलता.”